ताटातील डावे-उजवे : मधुमेह आणि आपला आहार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, शिष्यवृत्त्या, वसतिगृह, विवाहातील अनाठायी खर्च अशा अनेक विषयांचा ऊहापोह झाला आहे. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस आहार आणि मधुमेह या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. पंगत बसावयास थोडाच अवकाश उरला असताना जो मनुष्य भात-पोळी कमी करा असे सांगू लागतो, त्याने श्रोत्यांच्या प्रेमाची फारशी अपेक्षा बाळगू नये हे आम्ही जाणतो. तथापि ज्या घरात साखरेची गोळी घेणारे कोणी नाही असे घर आज आपल्या ज्ञातीत शोधावे लागेल. शिष्यवृत्ती देऊन ज्या मुलांस आपण शिकविले, तीच मुले ऐन पस्तिशी-चाळिशीत या रोगाच्या तावडीत सापडू लागली आहेत. यास्तव हा विषय केवळ वैद्यांचा राहिलेला नसून तो ज्ञातीचा झाला आहे, अशी आमची धारणा आहे.

प्रथम रोगाची व्याप्ती पाहू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशातील सुमारे १ लक्ष १३ हजार व्यक्तींची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्या पाहणीच्या अंदाजानुसार देशात १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह होता आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे होते. सर्व राज्यांत अधिक प्रमाण आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात. तेथे प्रौढांपैकी शेकडा २६ हून अधिक लोक मधुमेही होते. गोव्यात व कोकणपट्टीत ज्यांची कुळे आहेत, त्यांनी हा आकडा विशेष लक्षात ठेवावा.

यावर पुष्कळ लोक म्हणतात, “आम्ही कोठे लठ्ठ आहोत? हा रोग जाड माणसांचा.” या समजुतीस उत्तर आपल्या पुण्यातूनच मिळाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराच्या ठेवणीचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००४ साली त्यांनी व इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ इतकाच होता. परंतु शरीरातील चरबी मोजली असता युडकिन यांच्या अंगी ती शेकडा ९.१ भरली, तर याज्ञिक यांच्या अंगी शेकडा २१.२. तात्पर्य, आपली अंगकाठी सडपातळ दिसली, तरी आत, विशेषतः पोटात, चरबी साठलेली असू शकते. यास्तव आपल्या लोकांनी वजनकाट्याइतकाच शिंप्याच्या फितीवरही विश्वास ठेवावा. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला, तर तो धोक्याचा इशारा समजावा. देहभार निर्देशांक आपल्याकरिता २३ च्या आतच असावा, असे तज्ज्ञ सांगतात.

आता या रोगाचे मर्म थोडक्यात सांगतो. आपण जे अन्न खातो त्यात मुख्यतः तीन घटक असतात : प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदके, म्हणजे पिठूळ व गोड पदार्थ. भात, पोळी, भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा यांतील पिष्ट पोटात गेल्यावर त्याची ग्लुकोज नावाची साखर बनते व ती रक्तात उतरते. जिभेला गोड लागो वा न लागो, पिष्टाची गती शेवटी तीच. ही साखर रक्तातून पेशींत पोहोचविण्याचे काम स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन करते. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा अधिक साखर येत राहिली आणि अंगमेहनत कमी झाली, की जास्तीची साखर चरबीच्या रूपाने यकृतात व पोटात साठते, पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, स्वादुपिंड थकते आणि रक्तातील साखर वाढू लागते. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम वा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी ही तपासणी शेकडा ६.५ वा अधिक आली, आणि फेरतपासणीतही तीच आली, की मधुमेह ठरतो. येथे आम्ही बोलत आहो ते या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाविषयी. लहान वयात इन्सुलिनच स्रवेनासे होऊन जो पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो, त्यास इन्सुलिनची सुई हाच आधार आहे; आहाराच्या भरवशावर ती कोणीही बंद करू नये.

आहार आणि हा रोग यांचा संबंध आज नव्याने कळला असे मात्र नाही. सुश्रुताने प्रमेहाचे सहज आणि अपथ्याने होणारा असे दोन भेद केले. पहिल्यातील रोगी कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो असे त्याचे निरीक्षण होते. चरकाने अशा रोग्यांकरिता जवाचा आहार सांगितला, आणि आयुर्वेदाने व्यायामावर व चालण्यावरही भर दिला. पाश्चात्त्य देशांत १७९७ साली जॉन रोलो या लष्करी वैद्याने एका मधुमेही अधिकाऱ्यास पिष्ट वर्ज्य करून मांसाहारावर ठेवले व गुण आल्याचे लिहिले. विल्यम बँटिंग हा लंडनमधील अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक इतका स्थूल झाला होता की, त्यास बुटाचे बंद बांधता येत नसत व जिना उलट्या पावलांनी उतरावा लागे. त्याच्या वैद्याने पाव, साखर, बटाटे व बियर बंद करावयास सांगितले. वर्षभरात त्याचे वजन ४६ पौंडांनी उतरले आणि १८६३ साली त्याने आपला अनुभव पुस्तिकेच्या रूपाने छापला. १८७०–७१ साली पॅरिस शहरास वेढा पडून अन्नाची टंचाई झाली, तेव्हा आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे बूशार्दा या फ्रेंच वैद्यास आढळून आले.

१९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसन या मुलास त्याची पहिली सुई देण्यात आली. मानवजातीवर त्या शोधाचे उपकार थोर आहेत. परंतु औषध हाती आल्यावर ताटाकडे पाहण्याची सवय हळूहळू सैल झाली. साखर वाढली तर गोळी वाढवावी, गोळी पुरेना झाली तर दुसरी जोडावी, असा क्रम पडला. भात मात्र जेथल्या तेथे राहिला.

गेल्या काही वर्षांत वैद्यकशास्त्राची दृष्टी पुन्हा ताटाकडे वळली आहे. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१९ च्या आपल्या अहवालात असे नमूद केले की, रक्तशर्करा सुधारण्याच्या कामी एकूण कर्बोदके कमी करणे या उपायास सर्वांत अधिक पुरावा उपलब्ध आहे. २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील ज्या प्रयोगांत सहा महिन्यांनंतरची एचबीए१सी ६.५ च्या खाली गेली की नाही हे पाहिले होते, त्यांत कमी कर्बोदके घेणाऱ्यांपैकी शेकडा ५७ जणांनी ती मर्यादा गाठली. इतर आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३१ होते. मात्र वर्ष उलटल्यावर दोहोंमधील अंतर बरेच कमी झाले, हेही त्याच आढाव्यात म्हटले आहे. याचा अर्थ आम्ही असा करतो की, उपाय खरा आहे. पण तो जोवर पाळला जातो तोवरच खरा आहे. चार महिने उत्साहाने भात सोडावा आणि पाचव्या महिन्यात लग्नसराई लागताच सर्व विसरावे, अशाने काही साधत नाही.

वजनाविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये डॉ. रॉय टेलर व डॉ. माइक लीन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तो प्रयोग कमी पिष्टाचा नव्हता, अत्यल्प उष्मांकाच्या आहाराचा होता. परंतु त्यात एका वर्षाअखेर शेकडा ४६ रोग्यांचा मधुमेह औषधावाचून आटोक्यात आला, आणि ज्यांचे वजन १५ किलो वा अधिक उतरले त्यांत हे प्रमाण ८६ पर्यंत गेले. ज्यांचा रोग जुना नाही, त्यांच्या यकृतातील व स्वादुपिंडातील चरबी हटली तर रोग मागे सरू शकतो, हा त्यातील बोध होय. चरबी हटविण्याचा जो मार्ग भुकेचा फार छळ न करता आपल्या स्वयंपाकघरातून जाऊ शकतो, तो पिष्ट कमी करण्याचा, असे आम्हांस वाटते.

आपल्या देशातील आहाराचे चित्र कसे आहे? वर सांगितलेल्या पाहणीतील आहाराची आकडेवारी २०२५ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आली. तीवरून असे दिसते की, भारतीयांच्या एकूण उष्मांकांपैकी शेकडा सुमारे ६२ भाग कर्बोदकांतून येतो आणि प्रथिनांतून केवळ १२. याच पाहणीतील एक निष्कर्ष आपल्याकरिता फार मोलाचा आहे. एकूण कर्बोदके तितकीच ठेवून नुसता पांढऱ्या भाताच्या जागी गहू वा भरड धान्य आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. कर्बोदकांचा काही भाग काढून त्या जागी डाळी, दूधदुभते, अंडी, मासे यांतील प्रथिने आणली, तर मात्र धोका कमी दिसतो. म्हणजे एका धान्याच्या जागी दुसरे धान्य आणून भागत नाही. धान्याच्याच जागी दुसरे काही आणावे लागते.

आता आपल्या घरातील नेहमीच्या दिवसाचा हिशेब मांडू. सकाळी दोन चमचे साखरेचा चहा, म्हणजे १० ग्रॅम. वर पोह्यांची एक बशी, ४५ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या ६०, दीड वाटी भात ५५ आणि आमटी १५, मिळून १३० ग्रॅम. तिसऱ्या प्रहरी चहा आणि चार बिस्किटे, ३० ग्रॅम. मध्ये एक केळे, २५ ग्रॅम. रात्री दोन पोळ्या, तितकाच भात व आमटी, ११० ग्रॅम. बेरीज ३५० ग्रॅम कर्बोदके होते. यात गोडधोड काहीच नाही, तरी एवढे पिष्ट व साखर रोज रक्तात उतरावयाची आहे. शेतात नांगर धरणाऱ्या किंवा गिरणीत आठ तास उभे राहणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांस ते पचत असे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या त्यांच्या नातवांस ते कसे पचावे?

येथे काही रूढ समजुतींचा परामर्श घेणे अवश्य आहे.

पहिली समजूत भाकरीविषयीची. “आम्ही भात सोडून भाकरी धरली” असे अनेक जण समाधानाने सांगतात. ज्वारी-बाजरीत तंतू अधिक आहेत, भाकरीने पोट भरल्यासारखे वाटते, हे खरे. परंतु ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात. एक भाकरी खावी. भाकरीने साखर वाढत नाही असे समजून तीन खाऊ नयेत.

दुसरी गुळाविषयीची. गूळ नैसर्गिक, म्हणून तो चालतो, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. शंभर भाग गुळात सुमारे ८५ भाग साखरच असते. मधाचीही गोष्ट याहून फारशी निराळी नाही.

तिसरी उपवासाची. एकादशीस भात वर्ज्य करावयाचा आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस व रताळी खावयाची, हा उपवास मधुमेह्यास भाताहूनही महाग पडतो. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ५० ग्रॅमहून अधिक कर्बोदके आहेत व प्रथिने जवळजवळ नाहीतच. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद आणि बटाटा हे दोन्ही मूळचे अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकानंतर ते आपल्याकडे आले. त्यांचा व जुन्या व्रतांचा संबंध फार पुरातन नाही. ज्यांस उपवास करावयाचा असेल त्यांनी दही, ताक, शेंगदाणे, काकडी, ओले खोबरे, पनीर यांवर भर द्यावा. व्रताचा भंग न होता पथ्यही पाळले जाईल. औषधे चालू असणाऱ्यांनी उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

चौथी समजूत फळांची. फळे चांगली, परंतु एका मध्यम हापूस आंब्यात २० ते २५ ग्रॅम साखर असते. मोसमात जेवणाच्या शेवटी दोन फोडी खाव्यात. आमरसाच्या वाट्या मात्र रिचवू नयेत. पेरू, पपई, जांभळे ही फळे त्या मानाने सोयीची. रस काढून पिणे कोणत्याच फळाचे योग्य नाही.

आपल्या महाराष्ट्रात जेवणाच्या वेळा दोनच ठेवण्याचाही एक विचार प्रसार पावला आहे. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी तो मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी सांगितला : दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे व मध्ये काही खाऊ नये. मधल्या चहा-बिस्किटांपासून पुष्कळांची सुटका त्याने झाली, यात शंका नाही. आमचे एवढेच म्हणणे आहे की, वेळा मोजल्या तरी ताट मोजावयाचे राहू नये. दोनच वेळा जेवावयाचे म्हणून पानात भाताचा डोंगर रचला, तर साखर वेळा मोजत बसत नाही.

मग ताट कसे असावे? येथे आपल्याच परंपरेचा आधार घेता येतो. आपल्या पंगतीत पान वाढण्याचा नियम ठरलेला आहे. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. आणि मध्यभागी भात व पोळी. डावीकडचे थोडे थोडे तोंडी लावावयाचे, उजवीकडचे कालवून खावयाचे, आणि मधले पोटभर, असा त्याचा संकेत. आमची सूचना इतकीच की, या मांडणीतील माणसांची जागा बदलावी. उसळ, घट्ट वरण, भाजी, मासे, अंडी, पनीर यांस मध्यभागी आणावे; कोशिंबीर वाटीभर घ्यावी; आणि भातास डावीकडे, चटणीच्या शेजारी नेऊन बसवावे. भात वर्ज्य नाही, पोळी वर्ज्य नाही. परंतु ती आता तोंडी लावणी झाली. एवढे डावे-उजवे करण्यात कोणावर अन्याय नाही.

जेवणाचा क्रमही बदलावा. आपण वरण-भात-तुपाने आरंभ करतो. प्रथम कोशिंबीर, भाजी व उसळ किंवा मासे खाऊन नंतर पोळी-भाताकडे वळल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अमेरिकेत २०१५ साली झालेल्या एका लहानशा प्रयोगात दिसून आले. या बदलास दमडीचाही खर्च नाही. जेवणानंतर आपल्या वाडवडिलांनी सांगितलेली शतपावली शंभर पावलांवर न थांबविता पंधरा मिनिटे चालू ठेवावी. स्नायू हालले की रक्तातील साखर ते वापरून टाकतात.

नमुन्यादाखल एक दिवस सांगतो. सकाळी मुगाच्या डाळीचे धिरडे किंवा दोन अंडी, आणि बिनसाखरेचा चहा : सुमारे २० ग्रॅम कर्बोदके. दुपारी एक पोळी, वाटीभर मटकीची उसळ, भरपूर पालेभाजी, कोशिंबीर व दही. मत्स्याहारी असल्यास बांगड्याचे वा सुरमईचे तुकडे : ५५ ग्रॅम. तिसऱ्या प्रहरी मूठभर भाजलेले शेंगदाणे व बिनसाखरेचा चहा : ८ ग्रॅम. रात्री अर्धी वाटी भात, घट्ट वरण, दुधी वा पडवळाची भाजी, ताक : ५५ ग्रॅम. एकूण बेरीज १४० च्या आत राहते. दिवसाची कर्बोदके १३० ग्रॅमच्या खाली असली की त्यास सामान्यतः कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. म्हणजे आपण त्या सीमेजवळ येऊन पोहोचलो, आणि अन्न सर्व आपल्याच घरचे. शाकाहारी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डाळीत प्रथिने आहेत, पण पिष्टही आहे. आणि पातळ आमटीत दोन्ही थोडी. म्हणून दही, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे यांची जोड हवी. आणि पिष्ट कमी केले म्हणून तळलेले पदार्थ व वनस्पती तूप यांस मोकळे रान मिळाले, असाही अर्थ कोणी घेऊ नये.

यानंतर एक इशारा, आणि तो आमच्या आजच्या भाषणातील सर्वांत महत्त्वाचा भाग समजावा. जे इन्सुलिन घेतात, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी एकाएकी भात-पोळी कमी केली व औषध तेवढेच ठेवले, तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. दरदरून घाम, हातांस कंप, भोवळ, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे होत. रक्तशर्करा ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी; मात्र मनुष्य बेशुद्ध असल्यास तोंडात काही न घालता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांनी फार कडक पथ्य केले तर रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर विकार उद्भवू शकतो, आणि तोही साखर फारशी वाढलेली नसताना. म्हणून आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांस सांगावे, औषधाची मात्रा त्यांच्याकडून बदलून घ्यावी आणि पहिले काही आठवडे साखर वारंवार तपासावी. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचे रोगी आणि पहिल्या प्रकारचे मधुमेही यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. गोळी स्वतःहून बंद करणे हे तर कोणीच करू नये.

आता भगिनींविषयी, आणि त्याहूनही त्यांच्या घरच्या मंडळींविषयी दोन शब्द. घरातील पुरुषास मधुमेह झाला की त्याचे पथ्य सर्व घर सांभाळते; त्याच्याकरिता वेगळी भाजी होते, साखरेचा डबा उचलून ठेवला जातो. तोच रोग गृहिणीस झाला की तिच्याकरिता काय होते? ती सर्वांत शेवटी जेवावयास बसते. तोवर उसळ संपलेली असते, माशांचे तुकडे मुलांच्या पानांत गेलेले असतात, आणि पातेल्यात उरलेला असतो भात. अन्न वाया जाऊ नये म्हणून तो तिने संपवावयाचा. अशा घरात तिला कितीही उपदेश केला तरी तो व्यर्थ होय. तिचे पान सर्वांबरोबर वाढले गेले पाहिजे आणि उसळीची वाटी तिच्याकरिता आधी काढून ठेवली पाहिजे. पथ्य हे एकट्या रोग्याचे ठेवले तर ते शिक्षा वाटते. सर्व घराचे केले तर ती घरची रीत होते. आई-वडिलांस मधुमेह असलेल्या मुलांस तो होण्याचा संभव अधिक, म्हणून त्या रीतीचा लाभ मुलांसही होतो.

दुसरी गोष्ट लपवालपवीची. वधूवरांच्या बोलणीत मधुमेह झाकून ठेवण्याची प्रवृत्ती आपल्या ज्ञातीत आहे, हे कटू असले तरी सत्य आहे. यापायी तरुण मुली नव्या घरी गोळ्या चोरून घेतात, किंवा घेतच नाहीत. तरुण मुलगे सासुरवाडीच्या आग्रहास बळी पडतात. गरोदरपणात अनियंत्रित मधुमेह माता व बालक दोघांसही घातक ठरतो. ज्या रोगाचे कोट्यवधी रोगी देशात आहेत त्याची लाज कसली? लाज असेल तर ती, ठाऊक असूनही उपाय न करण्याची असावी.

तिसरी गोष्ट आग्रहाची. आग्रह हे आपल्या आतिथ्याचे भूषण मानले जाते. परंतु पाहुण्याने पानावर हात आडवा धरला असता त्या हातावरून जिलबी वाढणे यात आतिथ्य उरत नाही. यापुढे आग्रह करावयाचाच, तर कोशिंबिरीचा व उसळीचा करावा.

शेवटी मंडळाकडे आमच्या तीन नम्र विनंत्या आहेत. एक, पुढील वर्षापासून संमेलनाच्या भोजनात दोन उसळी व दोन कोशिंबिरी असाव्यात, पक्वान्न एकच असावे, आणि भात-पोळी मागेल त्यासच वाढावी. दोन, वर्षातून एक दिवस मंडळाच्या सभागृहात तिशीवरील सर्व सभासदांची रक्तशर्करा, रक्तदाब व कमरेचा घेर मोजण्याची व्यवस्था व्हावी. राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमातही तिशीपुढील सर्वांची अशी तपासणी अभिप्रेत आहे, तेव्हा जवळच्या सरकारी आरोग्य केंद्राचे साहाय्य मागता येईल. तीन, वधूवर सूचक शाखेने दोन्ही पक्षांस आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलण्याची लेखी विनंती करावी. यांपैकी एकाही गोष्टीस मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती ठरावाची, आणि ठरावानंतर तो पाळण्याची.

आता पाने मांडली जातील. आज बेत पूर्वी ठरलेलाच आहे, त्यात बदल नाही. परंतु भाताची मूद कोठे वाढावयाची आणि ती केवढी असावी, हे सांगणे आजही प्रत्येकाच्या हाती आहे.